फरक 'सार्थक' नाही म्हणजे ओढा स्वच्छ?

ओढ्याकाठी

मंडळी, संख्याशास्त्र कळणाऱ्यांनी जरा मदत करा.

गावाच्या वरच्या अंगाला छोटी औद्योगिक वसाहत आहे आणि तिथून येणाऱ्या ओढ्याबद्दल गावाची जुनी तक्रार आहे. शेवटी वर्गणी काढून एका खासगी प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतलं. वसाहतीच्या वर तीन नमुने, खाली तीन. तपासला तो बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते. अहवालाची शेवटची ओळ अशी: "दोन्ही ठिकाणच्या बीओडीमध्ये सांख्यिकीदृष्ट्या सार्थक फरक आढळला नाही (पी > ०.०५)." ग्रामसभेत ही ओळ वाचली गेली आणि वसाहतीतर्फे आलेले गृहस्थ म्हणाले, "बघा, पाणी स्वच्छ आहे." विषय संपला. म्हशी मात्र त्या ओढ्यात उतरायला तयार नाहीत.

बीएस्सीला टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी) घोकली होती, पण या ओळीचा नेमका अर्थ काय लावायचा? फरक नाही म्हणजे प्रदूषण नाही, असंच ना?

वाचनमात्र

म्हशींचा पी किती आला? :)

आकडेमोड्या

नाही, तसं अजिबात नाही. या एका ओळीने आजवर किती तक्रारी बासनात गेल्या असतील देव जाणे, म्हणून जरा इस्कटून लिहितो.

चाचणी सुरू होते ती 'वर आणि खाली काहीच फरक नाही' हे धरून. याला नल हायपोथिसिस म्हणतात. मग विचारायचं, की हे खरं असतं तर हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? ती शक्यता म्हणजे पी. ती ५ टक्क्यांच्या खाली गेली तरच नल सोडायचा. नाही गेली तर नल सिद्ध झाला असं होत नाही, तो पाडण्याएवढा पुरावा जमला नाही एवढंच.

यात चुका दोन होतात. ओढा ठीक असताना 'प्रदूषण आहे' म्हटलं तर पहिल्या प्रकारची, टाइप वन. ओढा बिघडलेला असताना 'काही सापडलं नाही' म्हटलं तर टाइप टू. पहिलीवर आपण ५ टक्क्यांचा लगाम आधीच घालतो. दुसरीवर आपोआप कुठलाच लगाम नसतो. ती किती वेळा होईल हे नमुने किती, आकडे किती वरखाली होतात आणि खरा फरक केवढा, यावर ठरतं. अहवालात पी असतो, पण ही दुसरी चूक होण्याची शक्यता किती होती हे कुणी लिहीत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, तेव्हा बनवून घेतो. समजा वरच्या बाजूला बीओडी लिटरला २, ४, ३ मिलिग्रॅम आला आणि खाली ३, ७, ५. सरासरी वर ३, खाली ५. आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे ३ ची मर्यादा आहे, म्हणजे वर काठावर पास आणि खाली सरळ नापास. आता नेहमीची दुतर्फी (वाढ आणि घट दोन्ही धरणारी) टी-टेस्ट लावा. पी येतो साधारण ०.२०. 'सार्थक फरक नाही!'

त्याच आकड्यांवरून ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा काढली तर फरक उणे १.६ पासून अधिक ५.६ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे खालचं पाणी किंचित बरं असू शकेल किंवा भयंकर वाईटही असू शकेल. सहा बाटल्यांना यापलीकडे सांगता येत नाही. 'स्वच्छ आहे' हे वाक्य यातून कसं काढलं, ते त्या गृहस्थांनाच विचारायला हवं.

आणि हे अगदी ठरलेलं होतं. दोन्हीकडे तीन-तीन नमुने असतील आणि खरा फरक एका प्रमाण विचलनाएवढा (आकडे सरासरीभोवती साधारण जेवढे पसरतात तेवढा) असेल, तर अशी चाचणी तो पकडण्याची शक्यता १५-१६ टक्के असते. सहापैकी पाच वेळा ती हात हलवत परत येणार. नमुने घ्यायच्या आधीच हे गणित मांडता येतं. या शक्यतेला पॉवर म्हणतात.

क्षारपड

मी अशाच एका प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा थोडी आमची बाजू. गिऱ्हाईक म्हणतं 'कमीत कमी नमुन्यांत बसवा'. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते, प्रत्येक नमुन्याची दोन-तीन विरलनं (कमीजास्त पातळ केलेली द्रावणं) करावी लागतात, पैसे नमुन्यागणिक लागतात. गावाची वर्गणी सहा बाटल्यांत संपते.

पण ओढ्याकाठी, एक तपासा. ते तीन नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी घेतले होते, की एकाच सकाळी एकाच जागी तीन बाटल्या बुडवल्या? एकाच वेळी भरलेल्या असतील तर तो तीन भागांत वाटलेला एकच नमुना आहे. त्यातून आमचा हात किती स्थिर आहे ते कळेल, ओढा दिवसागणिक किती बदलतो ते नाही. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्टने १९८४ साली परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांची याच कारणावरून झाडाझडती घेतली होती, तरी चूक अजून सर्रास चालते.

आणि वेळ? सांडपाणी सकाळी अकराला सोडतं कोण!

नटबोल्ट

सगळे गावाच्या बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. माझं अशाच एका वसाहतीत छोटं युनिट आहे. प्लेटिंग नाही, केमिकल नाही, नुसतं मशिनिंग. आकडेमोड्यांनी टाइप टू वर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले आणि टाइप वन एका ओळीत उरकली. ती चूक झाली तर काय होतं? बंदची नोटीस येते, वीज तुटते, महिनाभर माणसं घरी बसतात. नंतर कळतं की बीओडी वरच्या गावाच्या गटारामुळे वाढला होता. भरपाई कोण देणार?

शिवाय हल्ली अहवालात वीस-वीस घटक असतात. क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, शिसं, जस्त, काय काय. वीसपैकी एक तर ५ टक्क्यांत सापडणारच ना?

आकडेमोड्या

नटबोल्ट, दुसरा मुद्दा अगदी बरोबर. वीस स्वतंत्र चाचण्या ५ टक्क्यांवर केल्या आणि ओढा पूर्ण निर्दोष असला, तरी निदान एका घटकात खोटा 'सार्थक' फरक सापडण्याची शक्यता ६४ टक्के. मग पेपरात त्या एकाच घटकाची बातमी येते.

पहिल्या मुद्द्यालाही माझा विरोध नाही. टाइप वन फुकट असते असं मी म्हटलेलं नाही. पण ५ टक्के हा आकडा आला कुठून बघा. तो रूढ केला इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशरने, १९२५ च्या सुमारास, सोयीचा म्हणून. त्याचं काम इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात शेतीच्या प्रयोगांवर होतं. खताचं खोटं गुणगान होऊ नये ही तिथली चिंता. दोन चुकांचा तोल मांडून चाचणी ठरवायची, हा विचार नेमन आणि इगॉन पिअर्सन यांचा, १९२८ ते १९३३ मधला. आणि त्यांच्या मांडणीत कुठली चूक जास्त महाग हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आपण फिशरचे ५ टक्के उचलले, नेमनचा तोल उचलायला विसरलो.

अवांतर: हे घडत होतं तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आपला एक माणूस शिकत होता. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९३६ ची पीएचडी. नेमन, पिअर्सन आणि फिशर तिघेही तेव्हा तिथे होते आणि फिशरचं उरलेल्या दोघांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. पुढे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि सुखात्मे यांचा कुपोषणावरचा वाद गाजला, त्याचा गाभाही हाच होता: रेघ कुठे ओढली की किती उपाशी माणसं निसटतात आणि किती धट्टीकट्टी उगाच मोजली जातात.

पाणकोंबडी

न्यू जर्सीत भूजलाच्या कन्सल्टन्सीत आहे, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. नटबोल्ट जे म्हणताहेत ते अमेरिकेत सरकारी नियमातच घडलं होतं.

घातक कचऱ्याच्या जागांभोवती निरीक्षण विहिरी असतात. १९८० च्या दशकातल्या सुरुवातीच्या नियमांत पीएच, वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते), एकूण सेंद्रिय कार्बन आणि एकूण सेंद्रिय हॅलोजन या चार निर्देशकांसाठी प्रत्येक नमुन्याची चार-चार मोजमापं करा आणि १ टक्का पातळीवर टी-टेस्ट लावा असं सांगितलं होतं. क्षारपड वर म्हणाले तीच गफलत: एका नमुन्याची चार मोजमापं म्हणजे चार नमुने नव्हेत. प्रयोगशाळेतली चढउतार इवलीशी, त्यामुळे विहिरी-विहिरींतला नैसर्गिक फरकही 'सार्थक' ठरायचा. स्वच्छ जागांवर खोट्या घंटा वाजायला लागल्या. १९८८ ला नियम बदलावे लागले.

वर चाचण्यांची संख्या. वीस विहिरी, पाच घटक, म्हणजे एका फेरीत शंभर तुलना. १ टक्का पातळी धरली तरी निदान एक खोटी घंटा वाजण्याची शक्यता ६३ टक्के. म्हणून ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) २००९ च्या मार्गदर्शिकेत हिशोब उलटा धरतात: अख्ख्या जागेला मिळून वर्षाला खोट्या घंटेची शक्यता १० टक्के, ती सगळ्या तुलनांत वाटायची. आणि घंटा वाजली की लगेच दंड नाही, आधी फेरनमुना. फेरनमुन्यातही वाढ दिसली तरच ती खरी धरायची. फेरनमुन्यामुळे पॉवर फारशी न गमावता टाइप वन आटोक्यात येते. नटबोल्टना हवं ते यात आहे.

पण तीच मार्गदर्शिका एक गंमत करते. जागा दूषित असल्याचं एकदा ठरलं आणि सफाई सुरू झाली की नल उलटा होतो. आता धरून चालायचं 'पाणी मर्यादेच्या वरच आहे', आणि ते खाली आल्याचं कंपनीने दाखवायचं. नमुने कमी घेतले तर कंपनीचंच नुकसान, कारण कमी पुराव्यावर नल पडत नाही. मग कंपन्या आपण होऊन जास्त नमुने घेतात!

ओढ्याकाठी

पाणकोंबडीताई, हे भारी आहे. म्हणजे आमच्या सहा बाटल्यांवर नल उलटा लावला असता तर?

आकडेमोड्या

माझ्या बनावट आकड्यांवर सांगतो. नल ठेवा: 'खालचं पाणी वरच्यापेक्षा निदान १ मिलिग्रॅमने वाईट आहे.' तो पाडायचा तर फरक १ च्या खाली असल्याचं आकड्यांनी ठामपणे दाखवायला हवं. आकड्यांत दिसतोय २. नल पडायचा प्रश्नच नाही. त्याच सहा बाटल्यांवर ग्रामसभेत वसाहतवाल्यांना गप्प बसावं लागलं असतं.

मात्र तो '१' कुठून आणायचा ते आधी ठरायला हवं. किती बिघाड झाला तर आपल्याला फरक पडतो? हा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही. गावाने, मासेमाराने, म्हशीवाल्याने उत्तर द्यायचा आहे.

नटबोल्ट

म्हणजे निर्दोष असल्याचं मी सिद्ध करायचं. छान!

पाणकोंबडी

तुमच्या देशातलाच कायदा आहे हो. तामिळनाडूतल्या चर्मोद्योगांनी पालार नदी बिघडवली, त्या वेल्लोरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली खबरदारीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानलं आणि आपल्या कामाने पर्यावरणाला धोका नाही हे दाखवायची जबाबदारी उद्योगावर टाकली. हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यातही कलम २० मध्ये हे तत्त्व आहे. अहवालातली टी-टेस्ट मात्र अजून जुन्याच बाजूने उभी असते. कोर्टात एक नल, प्रयोगशाळेत दुसरा.

माळरान

आत्तापर्यंत वाचत होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ती भात एकाच वाफेवर शिजलेला असतो म्हणून जमते. ओढ्याचं तसं थोडंच आहे!

हवेचं काय असतं पण? शहरांच्या हवेला वर्षाकाठी पास-नापास करतात, तिथे तरी कुणी पॉवर बघतं का?

आकडेमोड्या

हा माझा आवडता विषय. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती वर्षातल्या ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे. २ टक्के वेळा ओलांडली तर चालेल, पण लागोपाठच्या दोन मोजणीदिवशी नाही. हाताने मोजणाऱ्या केंद्रावर वर्षाला किमान १०४ मोजमापं, आठवड्याला दोन. १०४ चे २ टक्के म्हणजे दोन. तिसऱ्यांदा ओलांडली की नापास.

आता समजा एका गावाची हवा खरोखर बरोब्बर २ टक्के दिवशीच मर्यादा ओलांडते, म्हणजे काठावर का होईना कायद्यात बसते. आठवड्यातले कुठले दोन दिवस हाती लागले यावर १०४ मध्ये तीन किंवा जास्त वाईट दिवस सापडण्याची शक्यता ३५ टक्के. दर तीन वर्षांत एकदा हे गाव उगाच नापास. उलट ज्या गावाची हवा ४ टक्के दिवशी बिघडते, म्हणजे परवानगीच्या दुप्पट, ते २१ टक्के वेळा बिनबोभाट पास. हे सगळे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र धरून केलेलं गणित आहे. प्रत्यक्षात हिवाळ्यात वाईट दिवस गठ्ठ्याने येतात, त्यामुळे हे आकडे थोडे वेगळे येतील. नमुने वाढवण्याखेरीज यावर इलाज नाही. रोज मोजणारी स्वयंचलित केंद्रं एवढ्यासाठी तरी हवीत.

म्हणून 'यंदाच्या दिवाळीत प्रदूषण घटलं' ही बातमी वाचली की मी आधी वारा किती होता ते बघतो.

ओढ्याकाठी

प्रयोगशाळेत फोन केला. दोन गोष्टी कळल्या. एक, नमुने वेगवेगळ्या तीन दिवशी घेतले होते आणि दर वेळी वर आणि खाली एकाच सकाळी. दोन, खरं तर चौथाही दिवस होता! त्या दिवशी खालचा आकडा इतका मोठा आला की 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा, म्हणून दोन्ही बाटल्या वगळल्या.

आकडेमोड्या

पहिली गोष्ट ऐकून हसावं की रडावं कळेना. एकाच दिवशीची जोडी असेल तर जोडीची टी-टेस्ट लावायला हवी होती. माझे बनावट आकडे जोड्यांत लावा: २ आणि ३, ४ आणि ७, ३ आणि ५. फरक १, ३, २. सरासरी तीच २, पण ओढाच त्या दिवशी कमी वाहत होता किंवा वरच्या गावातून जास्त घाण आली, हा दिवसागणिक गोंधळ वजाबाकीत निघून जातो. पी ०.२० वरून ०.०७४ वर. आणि 'वसाहतीमुळे पाणी सुधारेल' ही शक्यता कुणाच्याच डोक्यात नव्हती, म्हणून एकतर्फी चाचणी आधीपासून ठरवली असती तर ०.०३७. पाचाच्या खाली! आकडे तेच सहा. निकाल पाहून नंतर एकतर्फी करणं मात्र लबाडी, ते गावानेही करू नये.

क्षारपड

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी बोलतो. वगळायचं तर कारण लागतं: बाटली फुटली, बर्फ संपला, विरलन चुकलं. 'आकडा फार मोठा आहे' हे कारण होऊ शकत नाही. प्रदूषण म्हणजेच मोठा आकडा, तो वगळून प्रदूषण शोधणार कसे?

ओझोनचं छिद्र आठवा. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकाच्या हॅली तळावरून मोजून १९८५ मध्ये ते जाहीर केलं. नासाच्या उपग्रहालाही तेच दिसत होतं, पण १८० डॉब्सनच्या (ओझोन मोजायचं एकक) खालचे आकडे 'संशयास्पद' म्हणून खूण करून बाजूला पडत होते. फेकले नव्हते, नासाची मंडळी तपासतही होती, तोवर इंग्रजांचा लेख छापून आला. तेव्हा खूण करा, पण आकडा अहवालात ठेवा. चौथ्या दिवसाचा आकडा लेखी मागून घ्या, तुमच्या पैशाचा आहे तो.

नटबोल्ट

मोठा आकडा वगळू नये हे मान्य. मग माझीही एक अट. वसाहतीच्या आणि वरच्या ठिकाणाच्या मध्ये एखादा नाला मिळतो का ते बघा. मिळत असेल तर तुमची जोडी वसाहत पकडते आहे की नाला, हे पी सांगणार नाही.

आकडेमोड्या

शंभर टक्के. पी-व्हॅल्यू फरक दाखवते, गुन्हेगार दाखवत नाही. तिसरं ठिकाण नाल्यावर घ्या. आणि जवळपास वसाहत नसलेला तसाच ओढा असेल तर त्यावरही वर-खाली तेवढ्याच अंतरावर मोजा. पाणी वाहता वाहता आपोआप किती बदलतं ते त्यावरून कळेल.

संख्येबद्दल: दिवसागणिक फरकाच्या एका प्रमाण विचलनाएवढा बिघाड ८० टक्के पॉवरने पकडायचा तर दहा जोड्या लागतील, म्हणजे वीस बाटल्या. जोड्या न करता सुटे नमुने घेतलेत तर, विचलन तेवढंच धरून, प्रत्येक ठिकाणी सतरा, म्हणजे चौतीस. वर्गणी वाचवायची तर जोड्याच करा. दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि वसाहतीला आगाऊ कळवू नका.

ओढ्याकाठी

वीस बाटल्यांचे पैसे गावात जमणं कठीण आहे. बीओडीशिवाय स्वस्तात काही होतं का? आणि हे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारीत चालतात का?

क्षारपड

आधी दुसरं. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पुराव्यासाठीचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन घ्यायचा असतो, कारखानदारासमोर दोन भाग करून, सीलबंद करून. तुमच्या बाटल्या कोर्टात पुरावा म्हणून उभ्या राहणार नाहीत. पण अधिकाऱ्याने कधी आणि कुठे यावं हे सांगायला त्या पुरेशा आहेत.

स्वस्तात म्हणाल तर वाहकता मोजणारा पेनाएवढा मीटर घ्या. ओढ्यात बुडवायचा, आकडा वहीत टिपायचा, रसायन लागत नाही. महिन्यातून एकदा प्रमाणित द्रावणात तपासून घ्यायचा. त्यात सेंद्रिय घाण दिसणार नाही, पण क्षारांचं सांडपाणी आलं की आकडा उडी मारतो. शाळेतली दोन मोठी मुलं वर आणि खाली रोज सकाळ-संध्याकाळ टिपून ठेवतील, महिन्यात साठ जोड्या. लागोपाठची टिपणं एकमेकांसारखीच असतात, तेव्हा त्यांना साठ स्वतंत्र जोड्या समजू नका. पण कुठल्या वारी, किती वाजता उडी येते ते कळलं की बीओडीच्या बाटल्या त्या वेळेला घेऊन जा. मात्र त्या बाटल्या वेगळ्या वहीत लिहा, आकडेमोड्यांच्या चिठ्ठीवाल्या दहा जोड्यांत मिसळू नका.

वाचनमात्र

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि नटबोल्ट, चिठ्ठ्या टाकायला तुम्हीच या.

नटबोल्ट

येतो की. चहा तुमच्याकडे.